पाण्याचं पुस्तक पडद्यावर आणताना

जून २०२१ मध्ये माझं पुस्तक छापायला गेलं आणि जुलैत पूर आला. शिरोळ तालुक्यात कृष्णा, पंचगंगा, वारणा आणि दूधगंगा अशा चार नद्या. त्यांचे पूर आणि काठच्या माणसांच्या आठवणी, असं ते एकशे बासष्ट पानांचं पुस्तक. तीस वर्षं भूगोल शिकवला, निवृत्तीनंतर गावोगाव फिरले, त्यातून ते झालं. प्रती हातात आल्या तेव्हा शेवटच्या प्रकरणाचं नाव होतं 'शेवटचा पूर', आणि तो होता २०१९ चा. इथे शाळांमधून पुन्हा पूरग्रस्तांच्या सतरंज्या पसरलेल्या होत्या आणि माझ्या घरात पाचशे प्रतींचे गठ्ठे. त्या गठ्ठ्यांकडे बघवत नव्हतं.

तेव्हाच ठरवलं, पुस्तक संकेतस्थळावर ठेवायचं आणि शेजारी ब्लॉग चालवायचा. दर पावसाळ्यात नवी नोंद करायची. त्यासाठी कोणतं साधन घ्यावं हे ठरवायला सव्वादोन वर्षं गेली. कुणाला अशा कामात पडायचं असेल तर माझी वाट तुमच्या उपयोगी पडेलच असं नाही. पण ठेच कुठे लागली ते सांगते.

१. साधन शोधायच्या आधी स्वतःचा मजकूर शोधावा लागतो, हे मला ठाऊक नव्हतं. पुस्तक छापलंय म्हणजे ते कॉम्प्युटरमध्ये कुठेतरी असणारच, असं धरून चालले होते. अक्षरजुळणी करणाऱ्यांनी फाईल आनंदानं दिली. माझ्याकडे उघडली तर त्यात एकही मराठी अक्षर नाही. नुसती इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं. जुन्या पद्धतीच्या फाँटात मराठी अक्षराचं चित्र इंग्रजी अक्षराच्या जागी बसवलेलं असतं. तो फाँट असेल तर 'कृष्णा' दिसते, नसेल तर काहीच लागत नाही. युनिकोड या आताच्या पद्धतीत 'क' ला स्वतःची जागा असते, मग मराठीचा फाँट कोणताही लावा.

रूपांतर करून देणाऱ्या सोयी आहेत, त्या वापरल्या. पण जुन्या फाँटात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केलेली असते आणि युनिकोडात ती अक्षरानंतर येते. मध्ये जोडाक्षर आलं की ती भलत्याच अक्षराला जाऊन चिकटते. माझ्या पुस्तकात 'दक्षिणद्वार'चं 'दक्षणिद्वार' झालं होतं, एकोणीस ठिकाणी. नृसिंहवाडीला कृष्णेचं पाणी चढून दत्तपादुकांवरून उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहतं, तो दक्षिणद्वार सोहळा. आमच्या भागात पावसाळा मोजायचं ते एक मापच आहे. तोच शब्द मोडलेला बघून मी कॉम्प्युटर बंद केला. दुसऱ्या दिवशी शाळेतल्या जुन्या सहकारी बाईंना बोलावलं. त्या छापील प्रतीतून मोठ्यानं वाचायच्या, मी पडद्यावर बोट ठेवून ओळ न् ओळ तपासायची. अकरा संध्याकाळी लागल्या. या वाचनात रूपांतराच्या चुका तर सापडल्याच, पण छापील पुस्तकातल्याही चार चुका सापडल्या. त्या माझ्या होत्या.

२. पुस्तक आणि ब्लॉग यांचा स्वभाव उलटा असतो. आमचं जयसिंगपूर आखून वसवलेलं गाव. राजर्षी शाहू महाराजांनी ते वसवलं आणि आपल्या वडिलांचं, जयसिंगराव घाटग्यांचं नाव त्याला दिलं. रस्ते सरळ आणि गल्ल्यांना नंबर. 'सातवी गल्ली' म्हटलं की रिक्षावाला पुढे काही विचारत नाही. पुस्तक असं असतं: पाचवं प्रकरण चौथ्याच्या पुढे आणि सहाव्याच्या मागे, आज आणि दहा वर्षांनीही. ब्लॉग म्हणजे आठवडी बाजार. आज जे आलं ते पुढे, मागच्या आठवड्याचं मागे.

मी पुस्तकाची नऊ प्रकरणं आधी ब्लॉगच्याच साधनात टाकली. शेवटचं प्रकरण सगळ्यांत वर आणि पहिलं तळाला. ते सरळ करायला एक युक्ती सापडली: प्रत्येक प्रकरणाची तारीख बदलायची. पहिल्या प्रकरणाला सगळ्यांत अलीकडची तारीख, दुसऱ्याला त्याच्या आदल्या दिवसाची, अशा नऊ खोट्या तारखा घातल्या. पान देखणं दिसायला लागलं आणि मला रात्रभर झोप नाही. मुलांना आयुष्यभर सांगत आले, निरीक्षणाच्या वहीत तारीख आधी लिहा, बाकीचं नंतर. पुराच्या नोंदीत तारीख खोटी असेल तर उरलेलं कोण खरं मानणार? सकाळी सगळ्या तारखा काढून टाकल्या. पुस्तकाला गल्लीसारखे नंबर हवेत आणि ब्लॉगला खऱ्या तारखा. एकाच साधनात दोन्ही होत असेल तर उत्तम, पण एकाला दुसऱ्याचे कपडे घालायचे नाहीत, एवढं त्या रात्रीनं ठरवून दिलं.

३. साधन वापरायला किती सोपं आहे हे मी पाहिलं. त्यातून बाहेर पडायची वाट आहे का, हे पाहिलं नाही. माझ्या आधीच्या नोंदी, २०१९ च्या पुरानंतर लिहिलेल्या, एका मोफत सेवेवर होत्या. नाव घेत नाही. एक दिवस तिथून पत्र आलं की सेवा बंद होते आहे, अमुक तारखेपर्यंत आपला मजकूर उतरवून घ्या. ते पत्र मी जाहिरात समजून उघडलंच नाही. सदतीस नोंदी गेल्या. त्यातल्या बारा वहीत होत्या, म्हणून वाचल्या. उरलेल्यांपैकी एक अर्जुनवाडच्या नावाड्याची होती. ते गृहस्थ आता नाहीत. त्यांच्या तोंडचं ते बोलणं मला जसंच्या तसं आता आठवत नाही, आणि त्याचं वाईट वाटणं अजून गेलेलं नाही.

पुण्याची भाची त्यानंतरच्या दिवाळीत आली होती. मी तिला नवं साधन दाखवत होते, रंग किती छान आहेत, पान कसं उलटतं. तिनं सगळं शांतपणे पाहिलं आणि एकच विचारलं, "मावशी, उद्या इथून निघायचं ठरवलंस तर हे सगळं बरोबर कसं नेणार?" मला उत्तर देता आलं नाही. त्यानंतर प्रत्येक साधनाला मी हा प्रश्न पहिला विचारत गेले. निम्मी साधनं तिथेच गळाली.

४. सगळी साधनं शेवटी दोनच तऱ्हांची निघाली. ब्लॉगर १९९९ पासून आहे, वर्डप्रेस २००३ पासून. मग जेकिल २००८ मध्ये, ह्यूगो २०१३ मध्ये, क्वार्टो २०२२ मध्ये. नावं ऐकून गरगरायला व्हायचं. भाचीनं खानावळीचं उदाहरण दिलं तेव्हा उलगडलं. एका तऱ्हेत गिऱ्हाईक आलं की स्वयंपाक होतो: मजकूर एका डेटाबेसमध्ये असतो आणि वाचक आला की पान तिथल्या तिथे तयार करून वाढतात. त्यासाठी चूल सतत पेटती ठेवावी लागते आणि तिच्यावर लक्षही ठेवावं लागतं. दुसऱ्या तऱ्हेत शिदोरी बांधून ठेवलेली असते: पानं आधीच तयार करून ठेवायची, वाचक येतो आणि उचलतो. जेकिल, ह्यूगो, क्वार्टो ही शिदोरीच्या जातीची.

पहिल्या जातीचं एक साधन मी आठ महिने चालवलं. घरबसल्या फोनवरून नोंद टाकता यायची, ही त्याची मोठी सोय. पण अधूनमधून ते नवं करून घ्यावं लागतं, ते मी केलं नाही. शेवटी एका सकाळी आलास गावाच्या पानावर औषधांच्या जाहिराती दिसायला लागल्या. साधनाचा दोष नव्हता. ज्याच्या हाताशी कुणी जाणतं माणूस आहे आणि ज्याला रोज लिहायचं आहे, त्यानं ते जरूर घ्यावं. माझं लेखन पावसाळ्याचे चार महिने; उरलेले आठ महिने चुलीपाशी बसायला मी नसते.

५. साध्या मजकुराची मला भीती वाटत होती, ती दोन दिवसांत गेली. शिदोरीच्या बहुतेक साधनांना मजकूर मार्कडाउन नावाच्या लिहिण्याच्या पद्धतीत लागतो. जॉन ग्रूबर यांनी ती २००४ मध्ये आणली. शीर्षकाच्या आधी एक चौकटीची खूण, ठळक शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन चांदण्या, दोन परिच्छेदांमध्ये एक ओळ मोकळी. बस. आम्ही मुलांच्या वह्या तपासताना यापेक्षा जास्त खुणा करायचो. ही फाईल कुठल्याही कॉम्प्युटरवर, कुठल्याही साध्या प्रोग्रॅममध्ये उघडते आणि तिथेच वाचताही येते.

तिच्यातून पुढे वेबपान, ई-पुस्तक, पीडीएफ असं हवं ते काढून देणारं पॅनडॉक नावाचं साधन आहे. ते जॉन मॅकफार्लेन यांनी २००६ मध्ये सुरू केलं, आणि हे गृहस्थ बर्कलीला तत्त्वज्ञान शिकवतात, हे वाचून मला फार बरं वाटलं. क्वार्टो त्याच पॅनडॉकवर उभं आहे. सगळ्या पुस्तकाचा मजकूर असा उतरवल्यावर त्याचं वजन पाहिलं: एक एमबीच्या आसपास. फोननं काढलेला राजापूर बंधाऱ्याचा एक फोटो त्याहून जड होता. तीस वर्षांचं सगळं गोळा केलेलं इतक्यात मावलं.

६. पत्ता मराठीत द्यायचा हट्ट मी सोडला. मनातून वाईट वाटलं. मराठी पुस्तक, मराठी पानं, मग पानाचा पत्ता इंग्रजीत का? म्हणून प्रकरणांचे पत्ते देवनागरीत ठेवले. पडद्यावर सुरेख दिसायचे. पण तोच पत्ता व्हॉट्सॲपवर पाठवला की देवनागरीचं प्रत्येक चिन्ह टक्क्याच्या खुणा आणि आकडे-अक्षरं यांत उलगडतं, एकाची नऊ होतात. 'जयसिंगपूर' या शब्दात काना-मात्रा-अनुस्वार धरून नऊ चिन्हं आहेत. त्यांची एक्याऐंशी झाली. नृसिंहवाडीच्या एका जुन्या मास्तरांचा काळजीनं फोन आला, "बाई, तुमच्या नावानं कुणीतरी फसवायला लागलंय. नुसतं टक्के-टक्के आलंय. मी काही दाबलं नाही." ज्यांच्यासाठी लिहिलं तेच पानाला हात लावायला घाबरत असतील तर माझ्या हट्टाला अर्थ नव्हता. आता पत्ते छोटे, रोमन अक्षरांत, आणि प्रकरणाला दोन आकडी नंबर: शून्य एक, शून्य दोन. एक आकडी ठेवले तर काही ठिकाणी एकानंतर दहा येतो, दोन नाही.

७. मराठीत शोधणं हे यंत्राला शिकवलेलंच नसतं, हा मला बसलेला सगळ्यांत मोठा धक्का. बहुतेक साधनांबरोबर शोधायची चौकट आयती मिळते. मी तिच्यात पहिला शब्द टाकला 'पूर'. पुराचं पुस्तक, दुसरा कोणता टाकणार? उत्तरात आलं जयसिंगपूर, कोल्हापूर, राजापूर, खिद्रापूर. पुराबद्दलची वाक्यं मोजकीच. कारण आपण 'पूर' म्हणतो, पण लिहिताना 'पुरात', 'पुराचं', 'पुरानंतर' लिहितो. दीर्घ ऊकार ऱ्हस्व होतो, आणि यंत्राच्या लेखी तो निराळाच शब्द. 'ऊस' टाकला तर 'उसाला' सापडत नाही. 'पाणी' टाकलं तर 'पाण्यात' सापडत नाही. सामान्यरूप आम्ही पाचवी-सहावीत शिकवतो आणि मुलं विचारतात, हे कशाला शिकायचं. इतक्या वर्षांनी मला त्याचं उत्तर मिळालं.

पुढचा घोळ त्याहून बारीक. 'बंधाऱ्यावर' हा शब्द माझ्या पुस्तकात पानोपानी आहे. त्यातला 'ऱ्या' युनिकोडात दोन तऱ्हांनी टाइप करता येतो. डोळ्याला दोन्ही एकच दिसतात, यंत्राला वेगळे. माझी अर्धी प्रकरणं एका तऱ्हेनं होती, अर्धी दुसऱ्या. एका तऱ्हेनं शोधलं तर अर्धेच बंधारे सापडायचे. ते सगळं एका तऱ्हेचं करून घेतलं. शोधा-आणि-बदला करून दहा मिनिटांचं काम होतं, पण चूक कशात आहे हे कळायलाच तीन आठवडे लागले.

शोधण्याच्या चौकटीवर मात्र मी जास्त वेळ घालवला नाही. जुन्या ग्रंथांच्या शेवटी असते तशी सूची हातानं केली. पूर, पाणी, नावा, जनावरं, चारा, ऊस, वीज, शाळा, देवळं. प्रत्येक शब्दापुढे ते ते प्रकरण आणि परिच्छेद. सव्वाशे शब्दांची सूची झाली. या कामानं पुस्तक मला नव्यानं वाचायला लावलं, आणि जनावरांबद्दल मी किती कमी लिहिलंय ते पहिल्यांदा दिसलं.

८. कागदावरचा तक्ता फोनवर अर्धा होतो. पुस्तकात पाणीपातळीचा एक तक्ता आहे: ठिकाण, इशारा पातळी, धोका पातळी. सांगलीच्या आयर्विन पुलाशी इशारा ४० फूट आणि धोका ४५. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याशी ३९ आणि ४३. पावसाळ्यात इथला माणूस हे आकडे पाठ असल्यासारखा बोलतो. माझ्या मोठ्या पडद्यावर तक्ता छान दिसत होता. मग दूधवाल्याच्या फोनवर उघडून पाहिला. फोन लहान, काचेला तडा गेलेला. तिसरा रकाना पडद्याच्या बाहेर गेला होता, म्हणजे नेमका धोक्याचा रकाना. बोटानं सरकवला की दिसतो, पण तिथे काही आहे हे कळणार कसं? 'आयर्विनला धोका चाळीसला का?' असं त्यानं विचारलं आणि माझ्या पोटात गोळा आला. तक्ता मोडून साधी वाक्यं केली: ठिकाण, मग इशारा, मग धोका, एकाखाली एक. तेव्हापासून प्रत्येक पान मी आधी त्याच्या फोनवर बघते. तोही आता सकाळी दूध घालताना विचारतो, बाई आज काही बघायचंय का.

९. 'ल' आणि 'श'. पडद्यावर हिंदी वळणाचे आले होते. मराठीचा पाकळीचा ल आणि देठाचा श वेगळा, आणि राज्य शासनानं ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात तोच ठरवून दिलेला आहे. पानाची भाषा मराठी आहे असं साधनात एका ठिकाणी नोंदवायचं असतं. फाँटात सोय असेल तर अक्षरं आपोआप आपल्या वळणाची होतात. मी पान करताना भाषेचा रकाना कोरा सोडला होता. पीडीएफचंही असंच: मराठी फाँटचं नाव सांगायचं राहिलं, म्हणून पहिली पीडीएफ कोऱ्या पानांची निघाली. लहान गोष्टी आहेत, पण आपली भाषा कोणती हे यंत्राला आपणच सांगायचं असतं.

१०. छापील पुस्तकाला दिलेली परवानगी पडद्याला लागू होत नाही. हे मला कायद्यानं शिकवलं नाही, कुरुंदवाडजवळच्या एका आजींनी शिकवलं. त्यांच्या घराची भिंत पडली त्या रात्रीची हकीकत पुस्तकात त्यांच्या नावानिशी आहे. प्रत दिली तेव्हा त्यांनी ती देव्हाऱ्यात ठेवली होती. संकेतस्थळाचं सांगायला गेले तर म्हणाल्या, "बाई, पुस्तकात ऱ्हाऊ दे. पर मोबाईलात नगं. समद्या गावाला दिसतंय." मी म्हटलं, पुस्तकही गावानं वाचलंय. त्या म्हणाल्या, "पुस्तक मागून न्यायला लागतं. घरला येतंय मानूस, बसतंय, मग नेतंय." यापुढे मला बोलता आलं नाही. पुस्तकात ज्यांची नावं आहेत अशा एकतीस घरी मी पुन्हा गेले. सहा जणांनी नको म्हटलं. त्या सहा हकीकती संकेतस्थळावर नाहीत; तिथे एवढंच लिहिलंय की हा भाग छापील प्रतीत आहे.

११. पडद्यावरचं पुस्तक कधीही बदलता येतं, म्हणून ते कधी बदलायचं नाही हे ठरवावं लागतं. इथून जवळच मिरजेत १८०५ मध्ये भगवद्गीता छापली गेली, तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरं कोरून. कोरताना चुकलं तर दुरुस्त करणं जिकिरीचं. अक्षराला हात लावण्याआधी त्या कारागिरानं किती विचार केला असेल! मला एका कळीवर वाक्य पुसता येतं. सुरुवातीला मी रोज काहीतरी सुधारत होते, कुणाला पत्ता लागत नव्हता. मग एका महाविद्यालयीन मुलीनं तिच्या प्रकल्पात माझं वाक्य उतरवलं आणि ते पानावर कुठे सापडेना, कारण मी ते बदललेलं. ती विचारायला घरी आली. तिची वही बरोबर होती.

आता त्या सहा हकीकती सोडल्या तर पहिली आवृत्ती छापल्याप्रमाणे, तिच्या त्या चार चुकांसकट. दुरुस्ती असेल तर परिच्छेदाखाली तारीख घालून वेगळी. नवं जे काही ते ब्लॉगवर. 'शेवटचा पूर' हे प्रकरणाचं नावही तसंच आहे. त्याखाली एक ओळ: जुलै २०२१ साठी नोंदी पाहा.

१२. अखेर क्वार्टो घेतलं. कारण एकाच मजकुरातून वेबपुस्तक, ई-पुस्तक आणि पीडीएफ तिन्ही निघतात, आणि प्रकरणांचे, तळटिपांचे नंबर ते स्वतः सांभाळतं. त्यात पुस्तक आणि संकेतस्थळ हे दोन वेगळे प्रकल्प असतात, म्हणून ब्लॉग एक आणि पुस्तक एक असे दोन करून दुसरा पहिल्याच्या पोटात ठेवला. ह्यूगो जास्त वेगवान आहे; फक्त ब्लॉग असता तर तेच घेतलं असतं. नुसतं पुस्तक असतं तर एमडीबुकही पुरलं असतं, रस्ट या संगणकभाषेचं प्रसिद्ध पुस्तक त्यातच केलेलं आहे. उद्या क्वार्टो बंद पडलं तर? फोल्डर उचलायचा, दुसरीकडे जायचं. मजकूर माझा, साध्या अक्षरांत, माझ्याजवळ. भाचीच्या प्रश्नाला आता मला उत्तर देता येतं.

१३. माझ्यानंतर कोण, हा प्रश्न साधनाच्या यादीत नव्हता, तो मी सगळ्यांत शेवटी लिहिला. संकेतस्थळाच्या नावाचे पैसे दरवर्षी भरावे लागतात. एक वर्ष चुकलं की घर दुसऱ्याच्या नावावर जाऊ शकतं. छापील पुस्तकाला निदान १९५४ चा कायदा आहे: एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना द्यायची. त्या मी पाठवल्या. पण ग्रंथालयंही पाण्यापासून सुटत नाहीत. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या नगर वाचनालयात पाणी शिरलं, पुस्तकं भिजली. फुगलेल्या पुस्तकांचे ते ढीग ज्यांनी पाहिले त्यांना तो वास विसरता येणार नाही. आणि माझ्या सदतीस नोंदी तर पाण्याशिवायच गेल्या.

म्हणून आता तीन ठिकाणी ठेवलंय. एक संकेतस्थळावर. एक पेनड्राइव्हवर, कपाटात, वरच्या फळीला. आणि प्रत्येक पावसाळा संपला की ब्लॉगच्या त्या वर्षीच्या नोंदी कागदावर काढून, दोरा घालून तालुक्यातल्या दोन शाळांना देते. भाचीला नाव, पासवर्ड आणि पैसे भरायची तारीख एका चिठ्ठीवर लिहून दिली आहे. ती म्हणाली, "मावशी, मला नद्यांचं काही कळत नाही." मी म्हटलं, कळायला नको, पैसे भर. पुढच्याच रविवारी तिनं पहिलं प्रकरण वाचून काढलं आणि फोन करून विचारलं, दूधगंगा नक्की कुठे मिळते.

शिरोळ, कुरुंदवाड, राजापूर, खिद्रापूर, औरवाड, गौरवाड, कुठल्याही गावातले तुम्ही असा, तुमच्या घराच्या भिंतीवर पाणी कुठवर आलं त्याची खूण असेल. कोळशाची, रंगाची, खिळ्याची. दिवाळीला भिंत रंगवायच्या आधी तिचा एक फोटो काढा. खूण जमिनीपासून किती उंच आहे ते फूटपट्टीनं मोजा, आणि पूर कोणत्या साली, कोणत्या तारखेला आला ते एका कागदावर साध्या अक्षरांत लिहून ठेवा.